पुण्यात पर्यावरण आरोग्य शिकायचंय? बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत काय करायचं

बारावी सायन्स झालं, पर्यावरणाची आवड आहे, माणसांच्या आरोग्यासाठी काम करायचंय पण डॉक्टर व्हायचं नाही. अशा मुलामुलींसाठी पर्यावरण आरोग्य हा अगदी नेमका विषय आहे. अडचण एवढीच की पुण्यात प्रवेशपुस्तिका चाळायला बसलं की या नावाची पदवी सहसा सापडत नाही. इंग्लंडमध्ये याच नावाची बी.एस्सी. असते आणि तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेलीच पदवी घ्यावी लागते. आपल्याकडे हे काम पाणीपुरवठा, आरोग्य खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाने आणि अन्न प्रशासन यांच्यात वाटलेलं आहे, त्यामुळे त्याचं शिक्षणही विखुरलेलं आहे. ते गोळा करून आपली पदवी कशी जुळवायची, हे या लेखात आहे.

आधी विषय नीट समजून घ्या

नदीला फेस आला, हा पर्यावरणशास्त्राचा प्रश्न. ते पाणी कुणाच्या विहिरीत झिरपलं, किती जणांनी प्यायलं, त्यातले किती आजारी पडले आणि साखळीतली कोणती कडी तोडली तर पुढचे वाचतील, हा पर्यावरण आरोग्याचा प्रश्न. उगम, मार्ग, संपर्क, आजार या चार गोष्टी ज्याला एका कागदावर जोडून दाखवता येतात, त्याला हा विषय कळला.

पुण्याला याचं ताजं उदाहरण २०२५च्या जानेवारीत मिळालं. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. आजार मज्जातंतूंचा, रुग्ण अतिदक्षता विभागात. पण उद्रेकाचा शोध मात्र विहिरी, टाक्या, नळ आणि पाण्यातल्या क्लोरिनपाशी गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. दवाखान्यातलं काम डॉक्टरांनी केलं. दवाखान्याबाहेरचं जे काम होतं, ते करणारी माणसं या विषयातून तयार होतात.

सगळ्याच पदवी अभ्यासक्रमांत सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ हा पेपर आणि ही पदवी यांची गल्लत करू नका. त्या पेपरात जाणीव दिली जाते, मोजायला शिकवत नाहीत.

पायरी १: विषयांची जोडणी

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असेल तर सगळे दरवाजे उघडे. गणितही घेतलं असेल तर फारच चांगलं. फक्त भौतिक, रसायन, गणित असलेल्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राची पात्रता कॉलेजला विचारून घ्यावी.

पदवीसाठी साधारण तीन वाटा आहेत. पहिली, पर्यावरणशास्त्राची बी.एस्सी. दुसरी, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राची बी.एस्सी. करून पर्यावरण हा दुय्यम विषय ठेवणं. तिसरी, स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकी, ज्यात जलशुद्धीकरण आणि मैलापाण्याच्या रचनेवर भर असतो.

आमचं स्पष्ट मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. सरकारी भरतीत पदवीचं नाव शब्दशः पाहिलं जातं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्राची पदवी आहे, रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, पण पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यासाठी अभियांत्रिकी, नाहीतर भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी असं लिहिलेलं असतं. तीन वर्षं मन लावून शिकून अर्जाच्या पहिल्या रकान्यात अडकणारी मुलं दरवर्षी दिसतात. ज्यांना संशोधनात किंवा पर्यावरण सल्लागार संस्थांत जायचं आहे, त्यांनी पहिली वाट खुशाल धरावी.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय ठरवता येतो. याचा फायदा घ्या: रसायन, सूक्ष्मजीव आणि पर्यावरण किंवा प्राणिशास्त्र असे तीन विषय मिळत असतील तर ती जोडणी या कामासाठी उत्तम. ओपन इलेक्टिव्हमध्ये संख्याशास्त्र किंवा भूगोलातली नकाशाशास्त्राची ओळख मिळाली तर सोडू नका. फर्ग्युसन, गरवारे, मॉडर्न अशा कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. कोणत्या कॉलेजात यंदा कोणती जोडणी आहे हे मात्र त्या वर्षीच्या पुस्तिकेतच पाहायचं, दादा-ताईच्या आठवणीवर जायचं नाही.

प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन प्रश्न विचारा. पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात तो आकडा, विद्यार्थी स्वतः काढतात का? वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह चालू आहे का? ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी होणाऱ्या प्रशिक्षणासाठी, गेल्या वर्षी मुलं कुठे गेली होती? उत्तरांवरून विभागाची तब्येत कळते.

पायरी २: कागदपत्रं

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण अडतं इथेच. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, एलसी, आधार, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक). दुसऱ्या बोर्डातून आलात तर मायग्रेशन. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या बँक खात्यातच येते, त्यामुळे ते काम बारावीच्या सुट्टीत उरकून टाका.

पायरी ३: पहिलं वर्ष हात तयार करण्याचं

टायट्रेशन, विरलन, निर्जंतुकीकरण आणि एककं. या चार गोष्टी पक्क्या झाल्या की पुढचं सगळं सोपं. एककांत सगळ्यात जास्त मुलं पडतात. एक मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे पाण्यात जवळपास एक पीपीएम, पण हवेत हा हिशोब चालत नाही. तिथे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असतं आणि वायूचं पीपीएममध्ये रूपांतर करायला रेणुभार लागतो.

एक हिशोब आत्ताच करून पाहा, कारण तो आयुष्यभर लागेल. ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात त्या ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरिन असतं. १,००० लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचं तर २ ग्रॅम क्लोरिन हवं, म्हणजे पावडर सुमारे ६ ग्रॅम. पण गोणी उघडी राहिली, दमट खोलीत पडली आणि क्लोरिन १५ टक्क्यांवर आलं, तर तेवढ्याच पाण्याला १३ ग्रॅमच्या वर लागेल. पावसाळ्यात ‘टीसीएल टाकलं होतं, तरी साथ आली’ असं ऐकू येतं तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. शिवाय पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण आधी आपला वाटा खाते, उरलेलं क्लोरिन तेवढंच जंतूंच्या कामी येतं. म्हणून किती टाकलं याला महत्त्व कमी. टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून शेवटच्या नळाला किती उरलं ते पाहायचं. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ प्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं.

हे पाहण्याची खेड्यापाड्यांतली रीत म्हणजे ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पट्टीशी ताडून पाहायचा. मुक्त क्लोरिनचा रंग पहिल्या दहा सेकंदांत येतो. गप्पा मारत पाच मिनिटांनी रंग पाहिला तर संयुक्त, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं जाऊन कमजोर झालेलं क्लोरिनही त्यात धरलं जातं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. ऑर्थोटोलिडिन विषारी आहे, हातमोजे घाला. चांगल्या प्रयोगशाळांत आता डीपीडी हे दुसरं रसायन वापरतात, त्यात गुलाबी रंग येतो.

पायरी ४: पाण्याचा नमुना घ्यायला शिका

एवढं एक कौशल्य नीट आलं तरी तुम्ही वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे असाल. यंत्र कितीही महागडं असो, बाटली चुकली की अहवाल खोटा.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणायची. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून त्या बाटलीत निर्जंतुक करण्याआधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर प्रवासभर क्लोरिन जंतू मारत राहतं आणि नळावर असलेलं प्रदूषण अहवालात दिसतच नाही. ही बाटली खंगाळायची नाही. खंगाळली की थायोसल्फेट गेलं.

नळाला लावलेली रबरी नळी किंवा जाळी काढा. तोंड पुसा, स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून किंवा पुसून निर्जंतुक करा. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, नाहीतर तुम्ही मुख्य वाहिनीऐवजी घरातल्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी तपासाल. झाकण हातात, तोंड खाली करून धरा. कट्ट्यावर ठेवू नका. बाटली एक इंच रिकामी ठेवा, हलवायला जागा लागते. विहिरीचा नमुना असेल तर दोरीला बाटली आणि वजन बांधून सोडा, कठड्याला घासू देऊ नका.

आता बीओडीची बाटली. तिथे नेमकं उलटं: काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही नको, कारण तिथे ऑक्सिजनच मोजायचा असतो. या दोन बाटल्यांचे नियम परीक्षेत आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी सारखेच उलटेपालटे होतात. धातूंसाठी तिसरी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात.

लेबल भरण्याआधी लावा. बॉलपेनची शाई बर्फाच्या डब्यात पसरते, पक्क्या मार्करने लिहा: ठिकाण, स्रोत, तारीख, वेळ, जागेवर मोजलेलं क्लोरिन, तापमान, सामू. क्लोरिन जागेवरच मोजायचं, डब्यात ते टिकत नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत आणि काहीही झालं तरी २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. शनिवारी दुपारी नमुने गोळा करू नका, सोमवारपर्यंत त्यांचा काही उपयोग राहत नाही.

अहवाल वाचताना आयएस १०५०० शेजारी ठेवा. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, अजिबात सापडता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, त्यापुढे सवलत नाही. फ्लोराइड १, पर्याय नसेल तर १.५. टीडीएस ५००, पर्याय नसेल तर २,०००. वाघोली, वाकड, बावधन अशा टँकरवर अवलंबून असलेल्या भागांतल्या सोसायट्यांत लोक टीडीएसचं छोटं यंत्र बुडवतात आणि ८० आकडा दिसला की निश्चिंत होतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. मैलापाणी मिसळलेल्या टाकीचा टीडीएसही कमी असू शकतो. हे सोसायटीच्या सभेत शांतपणे समजावून सांगता येणं हासुद्धा अभ्यासाचा भाग आहे.

गावात प्रकल्प करायचा असेल तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि उपकेंद्रातले आरोग्यसेवक यांना आधी भेटा. स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड का मिळालं याची कारणं त्या नोंदीत असतात: विहिरीला कठडा नाही, गुरं धुतली जातात, व्हॉल्व्ह गटारात आहे. बाटली भरण्याआधी डोळ्यांनी केलेलं हे सर्वेक्षण पुष्कळदा अहवालापेक्षा जास्त सांगून जातं.

पायरी ५: आजार मोजायला शिका

पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा भाग सगळ्यात कच्चा राहतो, आणि आरोग्य हा शब्द तर याच्यामुळे येतो. साथरोगशास्त्राची तोंडओळख स्वतः करून घ्या.

समजा, एका वस्तीत शंभर जणांना विचारलं. टँकरचं पाणी प्यायलेले ४०, त्यांतल्या १८ जणांना जुलाब. न प्यायलेले ६०, त्यांतल्या ६ जणांना जुलाब. पहिल्या गटात ४५ टक्के, दुसऱ्यात १० टक्के. म्हणजे टँकरवाल्यांना धोका साडेचार पट. या चार चौकटींच्या तक्त्यावर (प्यायले, न प्यायले; आजारी, निरोगी) निम्मं शास्त्र उभं आहे. नवशिक्यांची चूक ठरलेली: ते फक्त आजाऱ्यांना भेटतात. १८ जण टँकरचं प्यायले होते एवढंच कळलं तर त्यातून काहीच निघत नाही, कारण न आजारलेलेही तेच प्यायले असतील. निरोगी घरांची दारं ठोठावायला संकोच वाटतो, पण उत्तर तिथेच असतं.

दुसरी गोष्ट, कुणाला कधी त्रास सुरू झाला याचा तारीखवार आलेख. एकदम उंच जाऊन उतरला तर एकच स्रोत, एकच वेळ. लाटा येत राहिल्या तर माणसाकडून माणसाकडे. तिसरी, घरांचे ठिपके टाकलेला नकाशा, ज्यावर पाण्याच्या वाहिन्याही दाखवल्या आहेत. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू आणि पाण्याचा पंप असेच एका नकाशावर आणले होते. आता क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं. दुसऱ्या वर्षापर्यंत ते शिकून घ्या.

पायरी ६: डास, हवा, आवाज

डासांचं सर्वेक्षण पावसाळ्यात शिका. बेलसर या पुरंदर तालुक्यातल्या गावात २०२१ साली डासांमुळे पसरणाऱ्या झिका आजाराचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, म्हणजे विषय दाराशी आहे. ५० घरं पाहिली, ८ घरांत अळ्या, एकूण १२ भांड्यांत अळ्या: घर निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली घरं) १६, ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी) २४. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर, बांधकामावरचा हौद इथे बॅटरी मारून पाहा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणूनच सगळी भांडी रिकामी करून सुकवण्याचा कोरडा दिवस आठवड्याला पाळायचा. बंद घर हे ‘अळी नाही’ असं धरू नका. ते तपासलंच गेलं नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराला गेलात तर निम्मी घरं बंद मिळतील, रविवारी जा.

हवेसाठी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्याचे आकडे देते. रोज पाहायची सवय लावा आणि राष्ट्रीय मानकं पाठ करा: चोवीस तासांची सरासरी पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी ६०, पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ साठी सुचवलेली मर्यादा १५ आहे. हा फरक का, यावर विचार करा, तोंडी परीक्षेत विचारतात. स्वस्त सेन्सर दमट हवेत फुगलेले कण मोजून आकडा वाढवतात. जुलैतल्या नोंदी आर्द्रतेची दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नका.

आवाजाची सरासरी साध्या बेरजेने काढायची नसते. अर्धा तास ५० आणि अर्धा तास ७० डेसिबल असेल तर सरासरी ६० येत नाही, ६७ येते, कारण मोजपट्टी लॉगची आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर मोजणी करत आले आहेत. अशा गटाबरोबर एक गणेशोत्सव काढला तर पद्धत अंगवळणी पडेल.

पायरी ७: भेटी आणि ओजेटी

पर्वतीचं जलकेंद्र, भैरोबा नाल्याचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ ही पुण्यातली ठिकाणं तुमची खरी प्रयोगशाळा आहेत. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात एवढं सगळं पायाखाली मिळणं कठीण. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि भेटीचा हेतू हे महिनाभर आधी द्या. नुसतं ‘पाहायला यायचंय’ लिहू नका. ‘क्लोरिनची मात्रा कशी ठरवता हे समजून घ्यायचंय’ असं लिहिलं की संबंधित माणूस भेटतो. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंबरोबर एक सकाळ काढा. सॅनिटरी नॅपकिन, काच, सुया त्यांच्या हाताला कशा लागतात हे पाहिल्याशिवाय कचऱ्याचं वर्गीकरण नियमावलीतून कळत नाही. कामाच्या आड न येता, विचारून, आणि त्यांच्या वेळेनुसार.

धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस मैलापाण्याच्या केंद्रावर जाण्याआधी घेतलेली असावी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात, त्यामुळे पहिल्या वर्षीच सुरू करा.

पायरी ८: पुढे काय

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत ईएचएस, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभाग असतो. तिथे पुढे वाढायचं तर एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका उपयोगी पडते. महापालिकांत आरोग्य निरीक्षक व्हायचं असेल तर स्वच्छता निरीक्षकाची पदविका मागतात. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती चालवते. मान्यताप्राप्त पाणी-अन्न प्रयोगशाळांत विश्लेषक म्हणून सुरुवात करता येते. पगार कमी, शिकायला भरपूर. पुढे शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, एम.पी.एच. आजाराच्या बाजूने ओढा असेल तर एम.पी.एच.च घ्या.

जाहिरात आली की पात्रतेचा परिच्छेद पदवीच्या शेवटच्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी वाचा. मायनर बदलायला, एखादा पेपर जोडून घ्यायला तेव्हा वेळ असतो. आणि मुलाखतीला गुणपत्रिकेबरोबर प्रकल्पाची मूळ वही न्या, कोऱ्या नमुन्याचे (तुलनेसाठी तपासलेल्या शुद्ध पाण्याचे) आणि चुकलेल्या वाचनांचे आकडे न खोडता. प्रयोगशाळेचा अनुभवी प्रमुख सर्वात आधी तीच पानं उलटतो.